हाताने बनवलेल्या गिटारला सनबर्स्ट: कुठे बिघडतो आणि कसा करायचा

सनबर्स्ट म्हणजे मध्ये पिवळा आणि कडेकडे गडद तपकिरी होत जाणारा रंग. मिरजेत माझ्या बाकावर फसलेला सनबर्स्ट घेऊन येणाऱ्या पोरांचं गाऱ्हाणं ठरलेलं असतं. "दादा, रंग नीट बसला नाही." त्यात रंगाचा दोष क्वचितच निघतो. रंग मारण्याचं काम एका दिवसात उरकतं. बिघाड त्याआधीच्या आठवड्यात नाहीतर नंतरच्या महिन्यात झालेला असतो. त्यामुळे इथे रंगापेक्षा घासणी, अस्तर आणि थांबणं यांवरच जास्त लिहिलंय.

टॉप (पुढची फळी) स्प्रूसचा, बॅक-साइड (मागची फळी आणि बाजू) महोगनीच्या किंवा तुणाच्या, नेक (मान) आणि ब्रिज (तारा अडकवायची टॉपवरची पट्टी) अजून जोडलेले नाहीत, आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर फवाऱ्याच्या गनने मारायचं आहे, असं धरून चाललोय.

एक गोष्ट आधीच पक्की करा. स्प्रूसवर सनबर्स्टचा रंग लाकडात मुरवायचा नाही, लाकडाच्या वर पातळ थरांत बसवायचा. स्प्रूसमध्ये मऊ फिकट पट्टे आणि कडक गडद रेघा आलटून पालटून असतात. फडक्याने थेट डाय (विरघळवलेला पातळ रंग) पुसला की मऊ पट्टा अधाशासारखा पितो आणि कडक रेघ कोरडीच राहते. जे फिकट होतं ते गडद आणि जे गडद होतं ते फिकट. जुन्या फोटोची निगेटिव्ह धरल्यासारखा टॉप दिसतो. शिवाय रेषा जिथे तिरकी वर आलेली असते तिथे काळपट ढग उठतात. हे पुन्हा निघत नाही. टॉपच मुळात अडीच-तीन मिलीमीटरचा, तो घासून घासून किती घासणार?

## आधी हवा बघा

सांगली-मिरजेकडे जून ते सप्टेंबर लॅकरच्या वाटेला जाऊ नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि लॅकर दुधासारखं पांढुरकं होतं. मी पहिला सनबर्स्ट आषाढात मारला. संध्याकाळी पत्र्यावर पावसाचा आवाज सुरू झाला आणि माझ्या डोळ्यांदेखत तपकिरी कडेवर धुकं चढलं. हायग्रोमीटर स्वस्तात मिळतो, तो भिंतीला लावा. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की गन खाली ठेवायची.

एप्रिल-मेमध्ये उलटं होतं. दुपारी लॅकर हवेतच वाळतं आणि खाली पडतं ती नुसती भुकटी, हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखी लागते. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत, सकाळी नऊ ते बारा, हा माझा वेळ. फक्त त्याच दिवसांत ऊसतोड चालू असते आणि पाचट पेटवलं की काळी राख गावभर उडते. ओल्या लॅकरवर तिचा एक कण बसला तरी तो घासून काढावा लागतो. आजूबाजूला फड पेटलेला असेल तर त्या दिवशी सुट्टी घ्या.

सावध: एनसी लॅकर आणि थिनर पेट्रोलसारखे पेटतात. घरातल्या खोलीत मारत असाल तर गॅस, उदबत्ती, देवघरातला दिवा सगळं बंद. साध्या एक्झॉस्ट फॅनच्या मोटारीची ठिणगीही पुरते, त्यामुळे वाफ त्यातून ओढू नका. कापडी मास्क उपयोगाचा नाही. सेंद्रिय वाफेसाठी कार्ट्रिज असलेलाच मास्क लावा.

## टप्पा १: घासणी

पॉलिश पेपरचे नंबर १२०, १५०, १८०, २२० या क्रमाने. मधला नंबर गाळला की १२० च्या रेघा तशाच राहतात. कोऱ्या लाकडावर त्या दिसत नाहीत, पण पहिला तपकिरी हात पडला की बाहेर येतात, त्याही नेमक्या पिवळा आणि तपकिरी जिथे एकमेकांत विरतात तिथे.

कागद नेहमी लाकडी किंवा कॉर्कच्या ठोकळ्याला गुंडाळून धरा. नुसत्या बोटांनी घासलं तर मऊ पट्टे खोल जातात, कडक रेघा वर राहतात आणि टॉप धुणं धुवायच्या फळीसारखा होतो. टॉपवर रेषेच्या दिशेनेच घासा. दोन फळ्यांचा मधला जोड आणि रोझेटची (टॉपवरच्या गोल भोकाभोवतीच्या नक्षीची) कड इथे थोडा जास्त वेळ द्या.

२२० झाल्यावर ओल्या फडक्याने टॉप एकदा पुसून रात्रभर वाळू द्या. लव उभी राहते. ती ३२० ने हलक्या हाताने मारा.

बॅक-साइडची छिद्रं याच वेळी ग्रेन फिलरने भरून घ्या. स्प्रूसला फिलर लागत नाही.

तपासा: खोलीत अंधार करा आणि मोबाईलचा टॉर्च टॉपला जवळजवळ टेकवून आडवा फिरवा. आडव्या रेघा, ठोकळ्याचे कोपरे, क्लॅम्पचे दाब सगळं सावलीत दिसतं. दाब असेल तर पाण्याचा थेंब टाका, ओलं फडकं ठेवा आणि इस्त्रीचं टोक क्षणभर लावा. बहुतेक दाब फुगून वर येतात.

## टप्पा २: गोंदाचे डाग शोधणं

हा टप्पा सगळे गाळतात. ब्रेसिंगच्या (टॉपला आतून पट्ट्या चिकटवण्याच्या) वेळचा किंवा बाइंडिंगखालून (कडेच्या पट्टीखालून) आलेला गोंद बोटाला लागतो, बोट टॉपला लागतं आणि वाळल्यावर त्याचा मागमूस दिसत नाही. तासगावच्या एका पोराने आणलेल्या गिटारवर साउंडहोलच्या खाली अख्खा अंगठा उमटला होता, रेषांसकट, पोलिसांनी ठसा घ्यावा तसा.

चिंधी स्पिरिटमध्ये बुडवून पिळून घ्या आणि टॉप पुसा. ओलं लाकूड गडद होतं, गोंदाची जागा फिकट आणि चकचकीत राहते. पेन्सिलने हलकी खूण करा, वाळू द्या, स्क्रॅपरने किंवा १८० ने तेवढाच भाग काढा, मग पुन्हा २२० आणि ३२०. प्लास्टिक बाइंडिंगवर स्पिरिट साचू देऊ नका, काही जातींचं प्लास्टिक त्याने मऊ पडतं.

इथून पुढे टॉपला उघडा हात लावायचा नाही. केसांना खोबरेल लावून तोच हात टॉपवर टेकवणारे मी पाहिलेत. मोटरसायकल चमकवायचा सिलिकॉनचा स्प्रे तर त्या खोलीत आणूच नका. सिलिकॉनचा अंश राहिला की लॅकर तिथून मागे सरकतं आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

## टप्पा ३: झाकाझाकी

ब्रिजची जागा आत्ताच झाका. नेक कोरडीच बसवून, स्केल लांबीत (तारेच्या वाजणाऱ्या लांबीत) कॉम्पेन्सेशनचे (सूर जुळावा म्हणून वाढवायचे) दोन-तीन मिलीमीटर धरून जागा मोजा आणि ब्रिजच्या आकाराची मास्किंग टेप कापा, पण चारी बाजूंनी एक मिलीमीटर लहान. ब्रिज लाकडाला लाकूड असाच चिकटला पाहिजे. लॅकरवर चिकटवलेला ब्रिज तारांच्या ताणाने आज ना उद्या उपटतोच.

टेप कापताना ब्लेड टॉपवर चालवू नका. काचेवर कापून मग बसवा. नेक जिथे बसते ती जागा आणि मॉर्टिसचं (नेक अडकते त्या खाचेचं) तोंडही झाका. साउंडहोलमध्ये फुगा घालून आत फुगवला की कड आपोआप बंद होते. मला ही पद्धत फोमपेक्षा बरी वाटते, कारण फोमचे कण उडतात.

बाइंडिंग झाकू नका, असं माझं मत. टेपखाली रंग शिरतोच आणि टेप काढताना लॅकरची कड उचलली जाते. रंग बाइंडिंगवर जाऊ द्या, नंतर खरवडून काढायचा आहे.

बॉडी धरण्यासाठी नेक ब्लॉकच्या भोकांतून बोल्टने एक लांब काठी बसवा. फिरता पाट असेल तर बॉडी त्यावर आडवी ठेवता येते.

## टप्पा ४: लाखेचं अस्तर

२५० मिली स्पिरिटला ३० ग्रॅम चपडा लाख. काचेच्या बरणीत टाका, दिवसभर अधूनमधून हलवा, मग दोन दिवस हलवू नका. मेण खाली गढूळ बसतं. वरचं स्वच्छ द्रावण तेवढं दुसऱ्या बाटलीत ओता आणि तेच वापरा. मेणासकट लाख वापरली तर वरच्या लॅकरची पकड कच्ची राहते. बाटलीवर तारीख टाका. सहा महिन्यांपेक्षा जुनी भिजवलेली लाख नीट कडक वाळत नाही. मिरजेत पॉलिशवाल्यांकडे चपडा सहज मिळतो, तयार बाटली घ्यायचं कारण नाही.

मलमलच्या गोळ्याने दोन पातळ हात, मध्ये तासभर. दुसऱ्या दिवशी ४०० ने नुसतं कुरवाळा आणि तिसरा हात द्या. बाइंडिंगवर आणि रोझेटवरही लाख चढली पाहिजे, म्हणजे पुढचा रंग त्यांत मुरत नाही. टॉपला मधासारखी झाक येते, ती तुमच्या पिवळ्याची पहिली पायरी.

तपासा: टॉप तिरका धरून उजेडात बघा. सगळीकडे सारखी मंद चमक हवी. एखादी जागा कोरडी दिसली तर तिथे रंग मुरेल. आणखी एक हात द्या.

सावध: लाखेवर स्पिरिटचा डाय फडक्याने घासू नका. स्पिरिट लाख विरघळवतं आणि अस्तर, रंग सगळं एकत्र लगदा होऊन येतं. रंग गननेच चढवायचा.

## टप्पा ५: रंग तयार करणं

फर्निचरचे पॉलिशवाले पिवडी आणि गेरू घालतात, ते इथे चालत नाही. ती माती आहे, ती लाकडाच्या रेषा झाकते. आपल्याला पारदर्शक रंग हवा: स्पिरिटमध्ये आणि थिनरमध्ये विरघळणारा मेटल-कॉम्प्लेक्स डाय. दुकानात तो द्रव वुड डाय म्हणून मिळतो.

सांगलीत हळदीचं मार्केट असल्यामुळे हा प्रश्न हमखास येतो, म्हणून सांगतो: हळद वापरू नका. स्पिरिटमध्ये ती सुंदर सोनेरी उतरते, पण उन्हात महिन्या-दोन महिन्यांत उडते. मीही करून बघितलंय.

तीन बाटल्या करा. पहिली पिवळी, त्यात किंचित नारिंगी. दुसरी तांबूस तपकिरी. तिसरी गडद तपकिरी. तिसरीत नुसता काळा घालायचा मोह आवरा. पिवळ्यावर काळा पातळ पडला की हिरवट झाक येते आणि गिटार शेवाळलेली दिसते. तपकिरीत थोडा लाल आणि मग काळ्याचे चार-सहा थेंब पुरेत.

प्रत्येक बाटलीत लॅकर आणि थिनर साधारण निम्मे-निम्मे. डाय थेंबाथेंबाने. मिश्रण बारीक नायलॉनच्या कापडातून गाळा.

तपासा: काचेवर एक हात मारा, वाळू द्या, काच वर्तमानपत्रावर ठेवा. पिवळ्याखालची आणि तांबूस रंगाखालची अक्षरं आरामात वाचता आली पाहिजेत. गडद रंगाखालचीही एका हाताला वाचता यावीत. नाही वाचता आली तर मिश्रण घट्ट आहे, लॅकर-थिनर वाढवा. पातळ रंगाचे चार हात तुमच्या ताब्यात असतात, घट्ट रंगाचा एक हात नसतो.

## टप्पा ६: सरावाची फळी

हे टाळणाऱ्याला मी रंग मारून देत नाही. टॉपच्या फळीचा उरलेला तुकडा घ्या, त्यावर तीच घासणी, तेच अस्तर आणि तेच रंग. तुकडा नसेल तर पुठ्ठ्यावर गिटारचा आकार काढून निदान हाताची चाल बसवा.

गन मोठी नको. गॅरेजवाले गाड्यांच्या टच-अपला वापरतात ती छोटी गन उत्तम: नोझल ०.८ ते १ मिमी, दाब २५ ते ३० पीएसआय, अंतर १५ ते २० सेंटीमीटर. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी सोडा आणि लाइनला वॉटर ट्रॅप लावा, नाहीतर गनमधून पाण्याचा थेंब थेट पिवळ्यावर थुंकला जातो.

## टप्पा ७: पिवळा

संपूर्ण टॉपवर, कडेपासून कडेपर्यंत. दोन हात, फारतर तीन. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. गनचा घोडा बॉडीच्या बाहेर दाबा आणि बाहेरच सोडा. टॉपवर दाबला तर तिथे थेंब पडतो.

हात ओला दिसण्याइतका जाड नको. दोन हातांत दहा-पंधरा मिनिटं.

## टप्पा ८: मधला रंग

इथून गनचा कोन महत्त्वाचा. गन तिरकी करा, तोंड मध्यापासून कडेकडे. उडणारा फवारा बॉडीबाहेर जायला हवा. गन सरळ खाली धरली की फवाऱ्याची धूळ मधल्या पिवळ्यावर बसते आणि तो मळकट होतो. ती धूळ पुसता येत नाही.

कडेने फिरत फिरत पट्टा तयार करा. खालच्या घेराला सात-आठ सेंटीमीटर, वरच्या घेराला पाच-सहा, कंबरेला जेमतेम तीन-चार. कंबरेला सगळे फसतात. तिथे लाकूड अरुंद आणि साउंडहोल जवळ, पट्टा तेवढाच रुंद ठेवला तर पिवळ्याची मान आवळल्यासारखी दिसते. कंबरेला हात वेगाने न्या.

गन नसून स्प्रे कॅन असेल तर बॉडीपेक्षा लहान आकाराचा पुठ्ठा कापा आणि टॉपच्या चार-पाच सेंटीमीटर वर धरा. टेकवला तर कापल्यासारखी रेघ येते, वर धरला तर कड विरते.

तपासा: प्रत्येक हातानंतर गिटार दारात न्या, दिवसाच्या उजेडात, चार पावलं मागे जाऊन बघा. मग मोबाईलवर फोटो काढून आडवा उलटा करा. डावी-उजवी बाजू असमान असेल तर उलट्या फोटोत ती लगेच खटकते. नुसत्या डोळ्याला आपल्या चुकीची सवय होते.

## टप्पा ९: गडद कड

आधी साइड पूर्ण गडद करा आणि त्याच ओघात टॉपच्या कडेवर या. टॉपवरची गडद पट्टी दीड-दोन सेंटीमीटर पुरे. गन आणखी तिरकी, हात आणखी पातळ.

पुरेसं गडद झालं असं वाटायच्या एक हात आधी थांबा. वाळलेला रंग मंद दिसतो. वर क्लिअर (बिनरंगी लॅकर) पडला की तो उघडतो आणि एक पायरी गडद होतो. रंगातच फसलेली जी थोडी कामं असतात त्यांतली निम्मी इथली, असं माझा अंदाज सांगतो.

एका बाजूला रंग आत गेला तर थिनरने पुसायला जाऊ नका, खालचा पिवळाही निघतो. दुसऱ्या बाजूलाही तेवढाच आत न्या. सनबर्स्ट थोडा रुंद झाला तर चालतो, लंगडा झाला तर नाही.

सावध: रंगाच्या थराला पॉलिश पेपर लावायचा नाही. कचरा बसला, केस पडला, तरीही नाही. सुईच्या टोकाने उचला आणि बाकीचं क्लिअरनंतर बघू.

## टप्पा १०: बाइंडिंग खरवडणं

दुसऱ्या दिवशी सकाळी. नव्या ब्लेडला टेपचे दोन तुकडे असे गुंडाळा की मध्ये बाइंडिंगच्या रुंदीएवढीच धार उघडी राहील. टेप साइडला टेकवून ब्लेड उभं धरा आणि आपल्याकडे ओढा. कापायचं नाही, खरवडायचं. कंबरेच्या वळणावर लाकडाची रेषा बघून दिशा बदला.

ब्लेड घसरून टॉपवर पांढरी रेघ उमटली, तर गडद डाय लाखेत कालवून बारीक ब्रशच्या टोकाने टिपा. ब्रशने ओढू नका.

## टप्पा ११: क्लिअर

पहिले दोन हात अगदी धुक्यासारखे. एकदम ओला हात मारला तर थिनर खालचा रंग हलवतं आणि कडेचा तपकिरी पिवळ्यात ओघळतो. मग दिवसाला तीन हात, मध्ये दोन तास, असे एकूण आठ ते दहा. चार-पाच हात झाल्यावर एक रात्र थांबून ४०० ने उंचवटे सपाट करा, कडेपासून एक सेंटीमीटर लांब राहून.

यापेक्षा जाड थर नको. अकूस्टिकचा टॉप हलला पाहिजे, त्यावर सगळं मिळून ०.१ ते ०.१५ मिलीमीटर फिनिश पुरे.

पांढुरकं धुकं आलंच तर घासू नका. कोरड्या दिवशी रिटार्डर (सावकाश उडणाऱ्या) थिनरचा नुसता फवारा लांबून द्या, लॅकर पुन्हा मऊ होऊन ओलावा सोडतं.

मग गिटार टांगून ठेवा. तीन ते चार आठवडे. नख रुतत नाही, वास येत नाही, तेव्हा वाळलं. आठवड्यात घासलेलं लॅकर नंतर आकसतं आणि पॉलिश केलेल्या टॉपवर स्प्रूसच्या रेघा पुन्हा उठतात.

## टप्पा १२: वॉटर पेपर आणि पॉलिश

८०० पासून २००० पर्यंत, पाण्यात साबणाचा थेंब टाकून. पेपर आदल्या रात्री भिजत घाला. पाणी फवाऱ्याने थोडंच. साउंडहोल आणि ब्रिजच्या टेपकडे गेलं तर कोऱ्या लाकडात शिरतं आणि लाकूड फुगून लॅकर उचलतं.

कडेला ८०० लावूच नका. कडेवर थर सगळ्यात पातळ असतो आणि सगळ्यात गडद रंग तिथेच असतो. दोन फटक्यांत पांढरं लाकूड दिसतं. कड १५०० ने, ठोकळ्याशिवाय, दोनदा पुसल्यासारखी. घासताना निघणारं पाणी दुधी असेल तर ठीक. तपकिरी दिसलं की त्याच क्षणी थांबा, तुम्ही रंगापर्यंत पोचलात.

मग रबिंग कंपाउंड, मागोमाग बारीक पॉलिश, सुती फडक्याने. मशीनचा पॅड लावत असाल तर एका जागी थांबवू नका, उष्णतेने एनसी मऊ पडतं.

## टप्पा १३: ब्रिज

टेप काढा. ब्रिज जागेवर ठेवून कडेने धारदार ब्लेडने हलकी खूण करा आणि टेपबाहेरचं एक मिलीमीटर लॅकर पटाशीने खरवडा. खूण लाकडात उतरू देऊ नका, टॉपची रेषा तुटली तर पुढे तिथूनच भेग जाते. चिकटवून चोवीस तास क्लॅम्प, तारा त्यानंतर.

तिन्ही बाटल्यांत उरलेला रंग फेकू नका. घट्ट बूच, तारीख आणि त्या गिटारचं नाव लिहून अंधाऱ्या कपाटात ठेवा. पट्ट्याचं बटण बसवताना ड्रिल घसरलं, तर टच-अपला नेमकी हीच छटा लागणार आहे.